अर्ध्या इंचाचं गणित

मेकॅनोच्या पट्टीवर दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर अर्धा इंच असतं. फ्रँक हॉर्नबीने 1901 साली लिव्हरपूलमध्ये पेटंट घेतलं तेव्हाही ते तेवढंच होतं. पुढे कंपनीचे मालक बदलले, कारखाने एका देशातून दुसऱ्या देशात गेले, रंग तर कितीदा पालटले. पण या अंतराला कुणी हात लावला नाही. त्यामुळे आजोबांच्या पेटीतली पट्टी नातवाच्या पट्टीवर ठेवली तर आजही भोकावर भोक येतं. हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं आहे, त्यांच्या बोटांना हे अंतर ओळखीचं आहे. लहानपणी कधीतरी त्यांनी या पट्ट्या हाताळल्या, मग शाळा, नोकरी, संसार यांत पेटी माळ्यावर गेली, आणि आता पन्नाशी-साठीनंतर ती पुन्हा खाली काढावीशी वाटते आहे.

अशा इच्छेला लोक लगेच ‘हरवलेलं बालपण’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बालपणात परत जायचं असेल तर जुने फोटो पुरेसे आहेत. त्यासाठी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तासन् तास वाकून बसायची गरज नाही. उतारवयात मेकॅनोकडे वळणारा माणूस मागे जात नसतो. लहानपणी जे त्याच्या हाताला कळलं होतं आणि डोक्याला कळायचं राहून गेलं होतं, ते तो आता पुरं करत असतो. या पुस्तकामागची माझी भूमिका एवढीच आहे आणि ती थोडी सविस्तर मांडायला हवी.

सुरुवात हॉर्नबीपासूनच करू, कारण हा खेळ मुळात एका प्रौढ माणसाच्या विचारातून जन्मलेला आहे. हॉर्नबी मांस आयात करणाऱ्या एका पेढीत कारकून होता. अभियांत्रिकीचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. आपल्या मुलांसाठी तो घरी पत्रे कापून पूल आणि क्रेन बनवत असे. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापायचे आणि खेळणं जुनं झालं की ते भाग वाया, हा त्रास त्याला खुपत होता. सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर सारखी भोकं पाडली, तर पुलाची पट्टी सोडवून ती क्रेनला लावता येईल, हे त्याला सुचलं आणि तिथेच सगळं आलं. पेटंटच्या खर्चासाठी त्याने आपल्या मालकाकडून पाच पौंड उसने घेतले. तेव्हा तो 37 वर्षांचा होता. लिव्हरपूलच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापक हेल-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली, त्याचा त्याला मोठा उपयोग झाला. आधीचं नाव होतं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. ‘मेकॅनो’ हे नाव 1907 सालचं. 1914 मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला आणि तिथून पेट्या जगभर गेल्या.

त्यातली एक आमच्या गिरगावातल्या चाळीत आली. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामांनी ती माझ्या थोरल्या भावासाठी आणली होती. लाल आणि हिरव्या रंगाच्या पट्ट्या, पितळी चाकं आणि झाकणावर अर्थातच मुलग्याचं चित्र. हॉर्नबीच्या कंपनीच्या जाहिराती थेट मुलग्यांना उद्देशून असत. मुलींनी यात काही करावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. भाऊ क्रिकेटमध्ये रमला आणि पेटी माझ्याकडे आली. आईने कधी हरकत घेतली नाही, उलट रात्री जमिनीवर सांडलेले नट ती माझ्याबरोबर वेचायची. हे मी इथे नोंदवते आहे, कारण माझ्या वयाच्या कितीतरी बायकांकडून मी हेच ऐकलं आहे: पेटी भावाची, पण बांधणारी बहीण. या पुस्तकातली चित्रं पाहताना त्यांना आपण पाहुण्या आहोत असं वाटू नये, एवढी काळजी मी घेतली आहे.

ज्यांनी जुनी मेकॅनो पाहिली आहे त्यांना तिच्या माहितीपुस्तिका आठवत असतील. पेट्यांना क्रमांक असत, लहानापासून दहा नंबरपर्यंत. दहा नंबरची पेटी म्हणजे खणांचं लाकडी कपाटच. मधल्या पूरक पेट्या घेतल्या की एका क्रमांकावरून पुढच्यावर जाता येई. आपल्याकडे चार नंबरची पेटी असली, तरी पुढच्या पेट्यांतून काय काय बनतं ते छापील चित्रांत दिसायचं: फिरती क्रेन, आगगाडीचं इंजिन, विणकामाचा माग. ती पानं मी इतकी पाहिली की कुठल्या चित्रात कुठला गिअर आहे ते डोळे मिटून सांगता आलं असतं. ते भाग मात्र नव्हते. आज ते मिळू शकतात, आणि परत येणाऱ्या माणसाला पहिला मोह नेमका तिथेच होतो: जे तेव्हा नव्हतं ते सगळं विकत घ्यायचं. त्याबद्दल पुढे बोलणार आहेच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं. फळ्यावर त्रिकोण काढले, प्रमेयं सिद्ध केली, इंटिग्रेशनची पानंच्या पानं लिहिली. निवृत्तीनंतर पेटी उघडली तेव्हा लहानपणी न दिसलेलं एकेक दिसायला लागलं. मेकॅनोत दोन इंच, अडीच इंच आणि तीन इंच लांबीच्या पट्ट्या असतात. त्यांना अनुक्रमे चार, पाच आणि सहा भोकं. भोकं न मोजता भोकांमधली अंतरं मोजा: तीन, चार, पाच. या तीन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडल्या की काटकोन आपोआप तयार होतो, गुण्या लावायची गरज नाही. लहानपणी मी हा त्रिकोण कितीदा तरी बांधला होता, पण तो काटकोनच का होतो हे विचारलं नव्हतं. त्याच्या पुढची गोष्ट मला अधिक आवडते. चौकोनाची बाजू बारा अंतरांची घेतली तर त्याचा कर्ण 16.97 अंतरांचा भरतो. कर्णासाठी सतरा अंतरांची पट्टी लावली, तर फरक सुमारे 0.37 मिलिमीटरचा. बोल्ट आणि भोक यांच्यात थोडी जागा असते, ती हा फरक पोटात घेते. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय आहे, ते कुठल्याच भोकावर नेमकं येणार नाही, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते नेमकं किती चुकतं आणि लोखंड किती सांभाळून घेतं, हे मला या पट्टीने शिकवलं.

प्रौढांच्या हातात हे खेळणं काय करू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण 1934 सालचं आहे. मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री हे गणिती अणूंच्या रचनेवर काम करत होते. त्यासाठी जी समीकरणं सोडवावी लागत ती हाताने सोडवणं अतिशय कष्टाचं होतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनिव्हर बुश यांनी अशी समीकरणं सोडवणारं एक प्रचंड यांत्रिक उपकरण बनवलं होतं, डिफरन्शिअल अ‍ॅनलायझर. ते पाहून आलेल्या हार्ट्रींनी ठरवलं की तत्त्व पारखायला आपण ते मेकॅनोत बांधू. आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला घेऊन त्यांनी ते बांधलंही. खर्च आला सुमारे 20 पौंड. गंमत म्हणून केलेलं हे यंत्र इतकं बरं चाललं की त्यावर खरं संशोधन झालं, आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टरला पूर्ण आकाराचं यंत्र उभं राहिलं. केंब्रिजमध्येही मेकॅनोचं असंच एक यंत्र बांधलं गेलं. ते फिरत फिरत न्यूझीलंडला पोहोचलं आणि आज ऑकलंडच्या संग्रहालयात आहे.

या यंत्राचं हृदय समजून घेण्यासारखं आहे आणि ते अवघड नाही. एक आडवी तबकडी फिरते आहे. तिच्यावर एक छोटं चाक उभं टेकलेलं आहे. चाक अगदी मध्यावर असेल तर तबकडी कितीही फिरली तरी ते जागचं हलत नाही. मध्यापासून जितकं लांब न्यावं तितकं ते भराभर फिरतं. आता तबकडी फिरत असताना चाकाचं मध्यापासूनचं अंतर सतत कमी-जास्त करत राहा. शेवटी चाकाने एकूण जेवढे फेरे घेतले, तेवढं त्या बदलत्या अंतराचं इंटिग्रेशन. फळ्यावरचं ते लांबट चिन्ह इथे खरोखर फिरताना दिसतं. अडचण एकच: चाक नुसतं टेकलेलं असल्याने त्याच्यावर भार टाकला की ते घसरतं. म्हणून चाकाचं क्षीण फिरणं मोटरने फिरणाऱ्या ढोलांवर दोऱ्या गुंडाळून जोरकस करायची योजना करावी लागते. मी ती तबकडी आणि ते चाक बांधून पाहिलं आहे. दोऱ्यांची योजना साधायला फार चिकाटी लागते. दोरी किंचित जास्त ताणली की सगळं एकदम वळवळायला लागतं. या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तेवढाच भाग दिला आहे, पूर्ण यंत्र नाही. ज्यांनी आयुष्यभर गणित, हिशेब किंवा यंत्रं यांच्याशी काम केलं आहे, त्यांनी ते प्रकरण चुकवू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

इतक्या लांब जायचं नसेल तर साधी गिअरपेटी घ्या. मेकॅनोत 19 दात्यांचं पिनियन आणि 57 दात्यांचं चाक असतं. दोन दांडे मधलं एक भोक सोडून, म्हणजे बरोबर एक इंचावर, घातले की हे दोघं एकमेकांत बसतात आणि वेग तिपटीने बदलतो. 25 आणि 50 दात्यांची जोडीसुद्धा त्याच एका इंचात बसते आणि वेग दुप्पट करते. म्हणजे एक दांडा आडवा सरकवून एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जाता येतं. गाडीचा गिअर बदलतो म्हणजे काय होतं हे सांगायला याहून सोपी वस्तू मी पाहिलेली नाही.

ती बांधायची रीत मात्र नीट पाहावी. चौकटीचे सगळे नट आधी सैल ठेवायचे. मग दांडा एका बाजूच्या भोकातून दुसऱ्या बाजूच्या भोकात आरपार घालायचा. दांडा अडतो, कारण चौकट किंचित तिरकी असते. ती बोटांनी दाबत, दांडा पुढेमागे करत राहायचं, आणि तो सहज सरकायला लागला की तो आत असतानाच नट आवळायचे, एकच नट एकदम पूर्ण नाही, समोरासमोरचे थोडेथोडे. प्रत्येक वेळी दांडा फिरवून पाहायचा. शेवटी दांड्याला नुसती टिचकी मारली तरी तो दोनचार फेरे घेऊन मगच थांबला पाहिजे. जिथे सांधा हलता ठेवायचा तिथे एक नट पुरत नाही. दोन नट एकमेकांवर आवळायचे, म्हणजे ते सुटत नाहीत आणि पट्टीही मोकळी राहते. हॅरॉल्ड क्रोटो या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला 1996 साली नोबेल मिळालं. नट कुठवर आवळावा, म्हणजे तो सुटणारही नाही आणि आटेही जाणार नाहीत, ही बोटांची जाण मेकॅनो देते, म्हणून ते प्रत्येक मुलाच्या हाती पडलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यात मोठ्यांचीही भर घालेन. लेगोच्या विटा मला आवडतात, त्यांच्यात रमणारे प्रौढही आता पुष्कळ आहेत, पण विटेवर वीट दाबली की ती बसते किंवा बसत नाही. आवळण्यातल्या पायऱ्या तिथे नाहीत.

आपल्याकडे बिन्स रोडच्या पेट्या थोड्याच घरांत आल्या. पुढच्या पिढीतल्या मुलांना मेकॅनो म्हणजे आपल्या बाजारातली ‘मेकॅनिक्स’ची पेटी: तशाच भोकांच्या पट्ट्या, तसेच नट-बोल्ट. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले अनेक वाचक याच पेटीची आठवण घेऊन येतील आणि त्यांना हे पुस्तक तितकंच लागू आहे.

पण ज्यांना तीही पेटी मिळाली नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एका माणसाने फार मोठं काम करून ठेवलं आहे. अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर होते. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन मेकॅनो बनवली. ट्यूबचा बारीक तुकडा कापायचा, त्याच्या दोन टोकांतून काड्या खुपसायच्या, झाला सांधा. त्याच तुकड्याला आडवं भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबून हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला तर तो लगेच कलंडतो. पुलाला आणि छपराच्या कैच्यांना त्रिकोण का लागतात, हे खेड्यातल्या मुलाला काही पैशांत कळलं. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मी मुद्दाम काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबवर लिहिलं आहे. ज्यांच्याकडे आज एकही पट्टी नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

जुनी पेटी हाती असेल तर आधी तिची डागडुजी. गंजलेले नट-बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये किंवा शिलाई मशीनच्या तेलात बुडवून ठेवावेत; सकाळी बहुतेक सुटतात. वाकलेली पट्टी सपाट लाकडावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ करावी. आट्यांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. जुन्या ब्रिटिश मेकॅनोचे बोल्ट 5/32 इंची व्हिटवर्थ आट्यांचे आहेत, नव्या फ्रेंच पेट्यांमधले 4 मिलिमीटरचे मेट्रिक. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाचा नट दुसऱ्यावर एखाददुसरा आटा चढतो आणि अडकतो. जबरदस्तीने फिरवला तर दोघांचेही आटे जातात. मेट्रिक बोल्ट हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतात. इंची हवे असतील तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करावी, आणि जाताना नमुन्याचा एक नट खिशात ठेवून तो दुकानातच चढवून पाहावा. पुण्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग क्वचित सापडतात. मला तिथे पितळी चाकं मिळाली आहेत.

आता सगळं विकत घेण्याच्या त्या मोहाबद्दल. जगभरच्या हौशी लोकांकडे सुट्या भागांची मोठी उलाढाल चालते. 1989 साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि इंग्लंडमध्ये स्केगनेसला दर उन्हाळ्यात मोठं प्रदर्शन भरतं. तिथे मांडली जाणारी कामं थक्क करणारी असतात. पण याच वर्तुळात असेही लोक आहेत ज्यांच्या पेट्यांच्या दोऱ्यासुद्धा सुटलेल्या नाहीत. 1930 च्या दशकातली निळ्या-सोनेरी रंगाची पेटी जशीच्या तशी जपणं हे काम मोलाचं आहे आणि संग्राहकांनी ते करावं. आपण मात्र बांधायला बसलो आहोत. रंग उडालेली पट्टी बांधणाऱ्याला पुरते. दहा नंबरची पेटी घेण्याआधी हाताशी असलेल्या भागांतून किती निघतं ते पाहावं. कमतरता असली की डोकं चालतं. नेमका गिअर नसेल तर पुली आणि दोरी लावून पाहा, लांब पट्टी नसेल तर दोन आखूड पट्ट्या दोन भोकं एकमेकांवर ठेवून जोडा. एका भोकात जोडल्या तर त्या फिरतील, दोन भोकांत जोडल्या तर एक होतील.

वयाचाही विचार करायला हवा. साठीनंतर बोटं आखडतात, जवळचं धूसर दिसतं. टेबलावर डावीकडून येणारा चांगला दिवा, पायावर उभं राहणारं भिंग आणि सांडलेले नट पकडायला कडा असलेलं ताट एवढं असलं की काम सोपं होतं. कोपऱ्यातल्या नटापर्यंत बोट पोहोचत नसेल तर पान्याच्या तोंडात ग्रीसचा ठिपका लावून नट त्यात चिकटवावा आणि बोल्ट समोरून फिरवावा. दोन तासांहून जास्त सलग बसू नये. काम अर्धवट राहिलं तरी मोडत नाही, ही या छंदातली मोठी सोय आहे.

पुस्तकातले नमुने सोप्याकडून अवघडाकडे लावलेले आहेत, पण त्याच क्रमाने जायचं बंधन नाही. ज्यांना पूल आवडतात त्यांनी गिअरची प्रकरणं खुशाल मागे ठेवावीत. कृतींचं वर्णन मी थोडक्यात केलं आहे, कारण मेकॅनोत वाचण्यापेक्षा पाहणं महत्त्वाचं. भाग कमी पडला तर काय बदल करावा, हे प्रत्येक नमुन्याखाली दिलं आहे. हस्तलिखित वाचताना एका निवृत्त फिटरने हलत्या सांध्यांचं प्रकरण जवळजवळ नव्याने लिहायला लावलं, आणि माझ्या नातीने प्रत्येक नमुना चित्रावरून बांधून, जिथे तिला कळलं नाही तिथे लाल खूण केली. त्या सगळ्या जागा मी पुन्हा लिहिल्या आहेत.

चित्रांवर मापं छापलेली नाहीत, ती घालायची गरजही नाही. कुठली पट्टी हवी ते भोकं मोजून ठरवा: अडीच इंचीला पाच, साडेपाच इंचीला अकरा, साडेबारा इंचीला पंचवीस. भोक पट्टीच्या मागे झाकलं असेल तर चित्रात ते तुटक वर्तुळाने दाखवलं आहे. तेही मोजणीत धरा.